परीक्षेचं पोट

‘ताई, डोकं कुठे आहे?’

पडदा सरकवून आत आलेल्या पहिल्याच मुलाने माझ्या कानाशी वाकून हे विचारलं, तेव्हा मी उशीवरून मान उचलून त्याच्याकडे बघतच राहिले. कोट नवा करकरीत, खिशात पेनांची रांग, कपाळावर घाम. हात अजून पोटाला लागलेलासुद्धा नव्हता. ‘कोणाचं?’ मी विचारलं. ‘बाळाचं हो! सांगा ना पटकन, सर पलीकडच्या कॉटवर आहेत.’ आणि मी सांगून टाकलं. वर आहे म्हटलं, पायाळू आहे. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने हात ठेवले, आणि ते इतके थंडगार होते की माझं अख्खं अंग आखडलं. ‘सैल सोडा, सैल सोडा,’ तो म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, तू आधी हात चोळ. तो ओशाळून हसला, पण हात काही चोळले नाहीत. घाई होती ना. उत्तर मिळालं होतं, आता हात लावणं हा नुसता देखावा उरला होता. गंमत म्हणजे मी स्वतः शाळेत भूगोल शिकवते. परीक्षेच्या दिवसांत वर्गातून मांजरीच्या पावलांनी फिरते. मोज्यातल्या चिठ्ठ्या, पट्टीमागे कोरलेली उत्तरं, बाकावर ठोकून केलेल्या खाणाखुणा, सगळं मला लांबून कळतं. मुलं मला चळाचळा कापतात. आणि इथे मी आडवी पडून, ब्लाउजची खालची बटणं सोडून, कॉपी पुरवत होते. लाज वाटायला हवी होती, पण मला फक्त वैताग आला होता. हा जितक्या लवकर सुटेल तितक्या लवकर मी सुटेन, एवढाच हिशोब त्या वेळी डोक्यात होता.

इथे येऊन झोपायचं मी ठरवलंच नव्हतं. मागच्या तपासणीला मोठ्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचा कागद बघून खूश झाल्या होत्या. मूल पायाळू निघालं म्हणून कोणी खूश होतं का? त्या झाल्या. ‘आमच्या डॉक्टरकीच्या मुलांची परीक्षा आहे, अशी केस नेमकी त्या दिवशी मिळत नाही. झोपाल का? मीही असेनच, तुम्हाला नीट बघून घेईन. वळत नसेल तर पुढचं काय ते तेव्हाच ठरवू.’ मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, ‘झोपेल की. नुसतं झोपायचंच तर आहे.’ नुसतं झोपायचं! पोट पुढे आल्यापासून माझ्यावर कोणाचा अधिकार नाही, तेच मला कळेनासं झालं आहे. मुख्याध्यापिकाबाई जिन्यात गाठून पोटावर हात ठेवतात आणि मुलगा की मुलगी याचा निकाल सांगतात. शेजारची बाई दारात उभ्या उभ्या बोट टोचून बघते. दुकानात अनोळखी माणसं विचारतात, कितवा? बाईला पोट आलं की ती सार्वजनिक होते, बागेतल्या बाकासारखी, कोणीही येऊन टेकावं. आणि मोठ्या डॉक्टरीणबाई? सकाळपासून त्यांचा पत्ता नव्हता. त्या दुसऱ्या दालनात, दुसऱ्या पोटांशी. माझ्या वाट्याला आले बाहेरून बोलावलेले परीक्षक. जाड भिंगांचा चष्मा, हातात चहाचा पेला, आणि बोलताना नजर कायम माझ्या पायाशी लटकवलेल्या फाइलवर, जणू मूल तिच्यात होतं.

पण वैतागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, आणि तेच मला खात होतं. आज पहाटे जाग आली तीच विचित्र शांततेने. रात्री झोपेत पोटात केवढी तरी उलथापालथ झाल्यासारखी वाटली होती, कोणीतरी आत गादी उलटी घालतंय असं. अर्धवट झोपेतच मी कूस बदलली आणि पुन्हा झोपले. उठल्यावर खाली, ओटीपोटात, जिथे रोज लाथा बसतात तिथे काहीच नाही. गेले कित्येक आठवडे तिथूनच दार वाजायचं. नवरा नकाशे काढणारा माणूस आहे, हात स्थिर, स्वभाव भित्रा. संध्याकाळी कामावरून आला की बेंबीच्या खाली तळवा ठेवून बसायचा आणि लाथ बसली की म्हणायचा, ‘आत कोणीतरी आहे.’ आज सकाळीही त्याने हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, ‘झोपलं असेल.’ आणि माझ्याकडे न बघता बूट घालायला लागला. त्याचे बूट उलटसुलट पायांत गेले तेव्हा मला कळलं की त्यालाही तेच वाटलंय. आम्ही दोघांनी ते बोलून दाखवलं नाही. मागच्या खेपेलाही नव्हतं बोललो. त्या वेळी पाचवा होता. अशाच एका शांत सकाळनंतर दुपारपर्यंत थांबून दवाखान्यात गेलो, आणि तिथल्या डॉक्टरांनी कागदाकडे बघत बघत सांगितलं, ‘ठोके नाहीत.’ माझ्याकडे नाहीच बघितलं. पंखा फिरत होता. भिंतीवर गोंडस बाळांचं कॅलेंडर होतं, आणि मी त्यातल्या एकाच्या टोपीचा रंग कोणता म्हणावा याचा विचार करत बसले. नंतर कितीतरी दिवस तो रंगच आठवत राहिला. निळा नाही, हिरवा नाही, मधलाच काहीतरी.

म्हणून आज इथे आल्या आल्या मी नर्सबाईंना सांगितलं. सकाळपासून हलत नाहीये. त्या चादर ओढत होत्या, न थांबता म्हणाल्या, ‘अहो, आज तर तुमच्या पोटाला एवढे हात लागणार आहेत, काळजी कसली? त्यांच्यातला कोणीतरी सांगेलच की.’ मला ते पटलं. खरंच पटलं. एवढे डॉक्टर एका पोटावर, मग काही बिनसलं असेल तर कळणार नाही असं होईल का? पहिला पेनांचा मुलगा आला तेव्हा मी तीच वाट बघत होते. पण त्याने विचारलं डोकं कुठे आहे, आणि मी सांगितलं. मग त्याने दोन्ही हात बरगड्यांखाली ठेवून गोल काहीतरी दाबल्यासारखं केलं, कुशीतून हात फिरवले, जांघेच्या वर चिमटीत धरल्यासारखं केलं, शेवटी माझ्याकडे पाठ करून पायांच्या दिशेने तोंड वळवून दोन्ही हात खाली खुपसले. पाठ केलेल्या माणसाशी बोलणार कसं? ‘सकाळपासून हलत नाहीये हो,’ मी त्याच्या पाठीला म्हटलं. ‘हो हो, ठीक आहे,’ पाठ म्हणाली. तेवढ्यात परीक्षक आले. मुलगा ताठ झाला आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसा सुरू झाला, ‘सर, वरच्या भागात कडक, गोल, हाताखाली हलणारं, म्हणजे डोकं. खालच्या भागात मऊ, पसरट, म्हणजे बसण्याची बाजू. ठोके बेंबीच्या वर डावीकडे, नियमित.’ परीक्षकांनी फाइलकडे बघून मान डोलावली. मला हायसं वाटलं. ठोके नियमित म्हणाला ना. मग सगळं ठीकच.

ते हायसं वाटणं पुढच्या मुलीपर्यंत टिकलं. ती आली, मोजपट्टी काढली, पट्टीचं लोखंडी टोक बेंबीशी चटकन लागलं, मी दचकले. तिने विचारलंच, ‘डोकं?’ मी म्हटलं, ‘वर.’ ‘थँक्यू हं ताई.’ तिसरा आला, तो तर नखं वाढवलेला, त्याच्या बोटांचे ठसे अजून असतील. ‘वर ना? बाहेर सगळे तेच म्हणताहेत.’ म्हणजे आता माझी गरजही उरली नव्हती, उत्तर बाहेर व्हरांड्यात पोचलं होतं. त्याने ठोके ऐकायला नळी टेकवली ती बेंबीच्या वर, जांभई द्यायला लागेल तेवढाच वेळ, आणि तेवढ्या वेळात त्याने खरोखरच जांभई दिली. मग परीक्षक आले आणि तो म्हणाला, ‘ठोके बेंबीच्या वर, स्पष्ट, नियमित.’ शब्द न शब्द तेच. याने ऐकलंच नाही. मी बघत होते ना, नळी आणि पोट यांच्यामध्ये त्याचं स्वतःचं बोट होतं. मग आधीच्या मुलीने तरी ऐकलं होतं का? आणि पहिल्याने? मला माझ्या वर्गातल्या उत्तरपत्रिका आठवल्या. एका मुलाने नदी चुकीच्या समुद्राला नेऊन सोडली, की मागची सगळी रांग ती त्याच समुद्रात सोडते. पाणी कुठे वाहतंय ते कोणीही बघत नाही. एकसारखं उत्तर दिसलं की मी लगेच लाल पेन काढते. आणि इथे एकसारख्या उत्तरावर हे परीक्षक मान डोलावत होते, आणि मधल्या काळात माझं मूल, ते होतं की नव्हतं, याच्याशी कोणाला काही देणंघेणंच नव्हतं.

‘अहो, ऐका ना जरा,’ मी परीक्षकांना म्हटलं. माझा आवाज चिरका लागला. ‘सकाळपासून…’ त्यांनी चहाचा पेला नसलेला हात वर केला. वाहतूक थांबवतात तसा. ‘बाई, परीक्षा चालू असताना पेशंटने बोलायचं नसतं. उमेदवाराला मदत होते.’ बरोबरच आहे म्हणा. प्रश्नपत्रिका कधी बोलते का? ती आपली पडून राहते, तिच्यावर बोटं फिरतात, कोपरे दुमडतात, वेळ संपली की गोळा करतात. मी छताकडे बघत पडून राहिले. छताला ओल आली होती आणि तिचा आकार एखाद्या खंडासारखा होता, पण कोणत्या ते ठरवायचं मी मुद्दाम टाळलं, मला टोपीचा रंग आठवत होता. पुढचा आला, त्यापुढची आली. हात येत होते, जात होते. घामट हात, अंगठी काढायला विसरलेला हात, मला न लागावं म्हणून इतका हलका हात की गुदगुल्या व्हाव्यात. प्रत्येकाने वर डोकं ‘चाचपलं’. प्रत्येकाला ते कडक लागलं, गोल लागलं. मी मनात मूल खाली शोधत होते. ओटीपोटात सगळं लक्ष नेऊन ठेवलं होतं, दाराला कान लावून बसावं तसं. वाजव रे. एकदा वाजव. नाही. वर बरगडीखाली मधूनच कळ येत होती, पित्त उसळल्यासारखी, आणि त्या पित्ताचाही मला राग येत होता. सकाळपासून पोटात अन्न नाही, नुसता पाण्याचा घोट, पित्त होणारच. सासूबाईंनी निघताना म्हटलंच होतं, काहीतरी खाऊन जा. बाहेर बाकावर त्या आणि नवरा शेजारी शेजारी बसले असतील, एकमेकांशी न बोलता. तो बुटांकडे बघत असेल. मला एकदम वाटलं, आता उठावं, पडदा फाडावा, आणि जोरात ओरडावं की अरे, तुमच्यापैकी कोणीतरी एक जण या पोटाला हात लावा!

मग शेवटची मुलगी आली. तिने काही विचारलं नाही. ती माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, सगळे तिथेच राहतात, पण तिथे तिचं काहीतरी जमत नव्हतं. पेन डाव्या हातात होतं. मोजपट्टी डाव्या हाताने सोडायची, उजव्याने धरायची, मग अदलाबदल. नियम उजवीकडे उभं राहण्याचा आणि ही बिचारी डावरी. तिचे हात बघून मला धसकाच बसला, आता ही किती वेळ लावणार! ‘डोकं वर आहे,’ मी आपणहून म्हटलं, ती लवकर सुटावी म्हणून. तिने मान हलवली. ‘नका सांगू ना ताई. मागच्या वेळी मी असंच कोणाचं तरी ऐकून सांगितलं आणि नापास झाले.’ मग तिने तळहात एकमेकांवर चोळले, चांगले खसाखसा, गालाला लावून बघितले, पुन्हा चोळले, आणि मग ठेवले. इतक्या वेळात पहिल्यांदा माझं पोट आपोआप सैल झालं. तिने वर चाचपलं, थांबली. कुशीत चाचपलं, पुन्हा वर आली. कपाळाला आठी पडली. खाली, जांघेच्या वर, एका हाताने धरलं आणि हलवून बघितलं, तशीच राहिली. पाठ फिरवण्याआधी तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. ‘ताई, आज कुठे हलतंय?’

मला रडूच फुटलं. आवाज न करता, कानांत पाणी जाईपर्यंत. ‘हलत नाहीये,’ मी म्हटलं. ‘सकाळपासून. सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकत नाही.’ तिचे हात उचलले गेले नाहीत, तिथेच राहिले. ‘कुठे बघताय तुम्ही?’ तिने विचारलं. मी ओटीपोटावर हात नेऊन दाखवलं. ‘तिथेच लाथा असतात रोज.’ ‘आणि वर? वर काही होतंय का?’ ‘वर काय, वर पित्त आहे. मघापासून कळा येताहेत.’ मग तिने माझाच हात मनगटाला धरून उचलला, उजव्या बरगडीखाली नेऊन ठेवला आणि वरून स्वतःचा दाबला. ‘थांबा हं जरा,’ ती म्हणाली. आम्ही दोघी थांबलो. पडद्यापलीकडे चमचा पेल्यावर वाजला, कोणीतरी खोकलं. आणि माझ्या तळहाताला कळ लागली. कळ आतून हाताला लागते का? लागली. टोकदार, हट्टी, पुन्हा एकदा. ‘हे पित्त नाही ताई,’ डावरी म्हणाली, आणि तिचाही आवाज नीट राहिला नव्हता. ‘हा पाय आहे.’

‘डोकं खाली आहे,’ ती म्हणाली, ‘रात्रीतून वळलं असेल. काही जाणवलं होतं का?’ ‘गादी उलटी घातल्यासारखं,’ मी म्हटलं. सकाळपासून ते मला बरगडीत लाथा मारत होतं आणि मी त्याला पित्त म्हणत होते. डोकं कागदावर वर होतं, म्हणून वर. लाथा खाली असतात, म्हणून खाली. त्या पोरांना मी शिव्या देत होते, आणि माझं स्वतःचं पोट मीच पाठ केलेल्या उत्तरावरून चाचपत होते! डावरीने नळी काढली, तिचं चकतीचं टोक तळहातात धरून गरम केलं आणि बेंबीच्या खाली टेकवलं. ऐकलं. मोजलं. बराच वेळ मोजलं. मग तिने कानांतली टोकं काढून माझ्या कानांत घातली. आधी नुसती सरसर, माझंच रक्त, चादरीचा आवाज. मग त्याच्या मागे, लांब, घड्याळ उशीत गुंडाळून ठेवल्यासारखं, पण घड्याळापेक्षा घाईचं, चिडून पळणाऱ्या कोणाचं तरी पाऊल. टकटकटकटक. माझं बाळ. आहे. मी दोन्ही हातांनी ती टोकं कानांत घट्ट दाबून धरली, ती काढायला आली तरी सोडली नाहीत.

परीक्षक आले ते आम्हाला तशा अवस्थेत बघून थबकले. ‘हे काय चाललंय? बोला, काय सापडलं?’ तिने सांगितलं. डोकं खाली, पाठ डावीकडे, ठोके बेंबीच्या खाली, नियमित. त्यांनी फाइल बघितली. मग तिच्याकडे बघितलं, कीव आल्यासारखं. ‘आधीच्या सगळ्यांना डोकं वर सापडलं. ठोकेही वर सापडले. सोनोग्राफीतही वर आहे. तुम्हालाच एकटीला खाली कसं सापडलं?’ मुलीने फाइलकडे बघितलं. मी बघितलं, ती आता शब्द फिरवणार. आणखी एकदा नापास व्हायला तिचं धैर्य पुरणार नव्हतं. ‘सर, कदाचित माझं…’ असं ती सुरू करायला आणि मी उठून बसायला एकच गाठ पडली. उठून बसणं म्हणजे काय, कोपरांवर रेटून निम्मी वर झाले, नववा लागलेल्या बाईला तेवढंच जमतं. ‘हात लावा ना तुम्ही!’ मी ओरडले. वर्गात ओरडते तसं. ‘केव्हापासून नुसते कागद काय बघताय? मी कागदावर झोपलेय का? पेला ठेवा तो खाली, आणि हात लावा!’

मग पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने चष्मा वर सारला, कोटाच्या बाह्या मागे घेतल्या, आणि हात ठेवला. खरं सांगायचं तर हात चांगला होता. जाणता. एकेकाळी या हाताने पुष्कळ पोटं वाचली असतील. वर, कुशीत, खाली. मग तो वळला, माझ्याकडे पाठ केली, दोन्ही हात खाली नेले, आणि त्याचे खांदे जरासे खाली आले. ‘हं,’ तो पायांकडे बघत म्हणाला. मग डावरीला म्हणाला, ‘चला, पुढचे प्रश्न बाहेर घेतो,’ आणि जाता जाता दारातल्या नर्सबाईंना, ‘सकाळच्या बाकीच्या सगळ्यांना जेवणानंतर परत बोलवा. हे पोट पुन्हा तपासायला लावा.’ माझ्याशी एक शब्द नाही. डावरी पडद्याशी क्षणभर थांबली, हसली, गेली. नर्सबाई आत आल्या, म्हणाल्या, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं, कोणीतरी सांगेलच?’ मला त्यांचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. ‘बाहेर जाऊन माझ्या नवऱ्याला सांगा,’ मी म्हटलं. ‘काय सांगू?’ ‘सांगा, हलतंय. वर हलतंय. आणि बूट नीट घाल म्हणावं.’ त्या माझ्याकडे वेड लागल्यासारख्या बघत गेल्या.

मी पुन्हा आडवी झाले. पाठीला चादरीच्या चुण्या टोचत होत्या, भूक सडकून लागली होती, आणि ती सगळी बोटं परत येणार होती, थंड, घामट, नखांची. वैताग जिथल्या तिथे होता. फक्त त्याच्या तळाशी आता काही नव्हतं. बरगडीखाली हात ठेवून मी लाथा खात पडले. जेवणाची वेळ टळल्यावर पडदा सरकला आणि सकाळचा पेनांचा मुलगा आत आला, चेहरा उतरलेला, कोटाची बटणं वरखाली लागलेली. बाहेर सगळ्यांची फजिती झाल्याचं त्याच्या कानावर आलं असावं. एकदा मागे बघून तो माझ्या कानाशी वाकला.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘आता कुठे आहे?’

‘हात चोळ आधी,’ मी म्हटलं. ‘आणि शोध.’